टाके आमचे होते

वकिलीणबाईंनी माझ्या हातात खडू दिला. दिला म्हणजे वरून टाकला. मी ओंजळ धरली आणि त्यांनी हात न लावता सोडला.

"शाळेत जातेस ना तू? मग तपास. जिथे टाका वाकडा, तिथे खूण कर."

धरमपेठेतला बंगला. हिवाळ्यातला रविवार, सकाळचं ऊन. व्हरांड्यात शेजारच्या दोन बाया चहा पीत बसलेल्या. अंगणातल्या फरशीवर आईनं शिवलेली गोधडी पसरलेली. आई पायरीखाली उभी. मी सातवीत होते.

गोधडी बाईंच्या लेकीच्या बाळंतपणासाठी होती. लुगडी त्यांची, जुनी, वापरून मऊ झालेली. दोरा आणि मेहनत आमची. आई दिवसभर विड्या वळायची आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत दारात बसून टाके घालायची. दीड महिना हे चाललं. तिला जवळचं नीट दिसेनासं झालं होतं. सुईत दोरा मी ओवून द्यायची.

मी वाकले. एक खूण केली. मग दुसरी.

"शाब्बास. पुढे."

मी पुढे सरकले. एका कोपऱ्यात टाके नागमोडी गेले होते. कुठे लांब, कुठे आखूड. एका जागी कापडाला चुणी पडलेली. त्या एका कोपऱ्यात मी आठ खुणा केल्या. चहा पिणारी एक बाई म्हणाली, "पोरगी हुशार आहे हो. ह्यांच्यात अशी दिसत नाही."

आणि मला बरं वाटलं. हे सांगायला आजही जीभ जड होते. पण वाटलं. कौतुक झालं म्हणून.

"हा कोणाचा हात?" बाईंनी विचारलं.

तो कोपरा माझा होता. आठही टाके माझे. आई मला शिवण शिकवत होती, म्हणून तेवढा कोपरा तिनं माझ्याकडे दिला होता.

मी गप्प राहिले.

आई म्हणाली, "माह्याच हातचा आहे जी."

"डोळे फुटले होते का? माझ्या नातवाच्या अंगाखाली हे घालू? उसव आणि पुन्हा शिव. पुढच्या रविवारी आण."

आईनं गोधडीची घडी केली. डोक्यावर घेतली. धरमपेठेपासून आमच्या वस्तीपर्यंत ती पुढं आणि मी मागं. मला वाटत होतं, मारावं हिनं. एक ठेवून द्यावी. तिनं नाही मारलं.

घरी आल्यावर मी रडत म्हटलं, "आई, ते टाके माहे होते."

"मले मालूम नाही का? मीच देल्ला होता कोपरा तुले."

"मंग तू सांगितलं काहून नाही?"

"तिच्यासमोर तुह्यावर बोट ठिवू?"

एवढंच. मी तिच्यावर बोट ठेवलं होतं. चांगली आठ वेळा. तिनं माझ्यावर ठेवलं नाही.

मग तिनं मला जवळ बसवलं. कोपरा मांडीवर घेतला. म्हणाली, "आता पाह्य. इथं तू दोरा लय ताणला, म्हणून चुणी पडली. इथं घाई केली." माझा हात हातात धरून तिनं सगळे टाके माझ्याकडून उसवले आणि माझ्याकडूनच पुन्हा घालून घेतले. चूक तिनंही दाखवली. पण तेव्हा मला लाज वाटली नाही. हात शिकला.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या अंगणात. त्याच बाया, तोच चहा.

"ये गं," बाई म्हणाल्या, "तपासून दे तुझ्या आईचं काम."

"मी नाही तपासणार."

"काय म्हणालीस?"

"त्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या चुका माझ्या होत्या. आईच्या नव्हत्या. मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते. आणि तुमच्यासमोर तिचं काम मी तपासणार नाही."

आवाज चिरकला होता. पण बोलले.

"दीक्षा काय घेतली, जीभच फुटली ह्यांना," बाई शेजारणींकडे बघून म्हणाल्या. मग स्वतःच खाली उतरल्या, गोधडी चारही बाजूंनी बघितली. खोट सापडली नाही. त्यांनी तांब्या मागवला, आणि गोधडी आत नेण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडायला हात बुडवला.

"थांबा," आई म्हणाली.

तिनं गोधडी स्वतःकडे ओढली. तिथंच, फरशीवर, बसली. दोऱ्याची गाठ शोधली, दातानं तोडली आणि धावदोरा ओढायला सुरुवात केली.

"अगं, वेड लागलं का तुला? लुगडी माझी आहेत!"

"लुगडे तुमचेच आहेत बाई. ते ठिवून जातो. टाके आमचे आहेत. ते नेतो."

मी तिच्यासमोर बसले आणि दुसऱ्या टोकानं उसवायला लागले. बाई ओरडल्या. पोलिसांची धमकी दिली. शेजारणी कप ठेवून उठून गेल्या. आई मान वर करीना. दोरा जिथं तुटायचा तिथं ती पुन्हा टोक शोधायची. दीड महिन्याचं काम दुपारपर्यंत सुटलं. आईनं लुगडी एकेक झटकली, घडी घातली, पायरीवर ठेवली. दोऱ्याचा गुंडा पदरात बांधला.

"चाल वं," ती म्हणाली.

ह्यानंतर सगळं छान झालं, असं नाही. त्या भागातलं गोधड्यांचं काम बंद पडलं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. वस्तीतल्या बाया आईलाच म्हणाल्या, पोरीले शाळेत घालून काय भेटलं तुले? तो हिवाळा आम्हाला कठीण गेला. आईला कधी पस्तावा झाला का, मी विचारलं नाही. तिनं मला शाळेतून काढलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आता मी शिवण शिकवते. वस्तीतल्याच पोरी येतात. त्यांच्या चुका मी रोज दाखवते, तोंडावर दाखवते, खोटं कौतुक करत नाही. वाईट टाका मी चालवून घेत नाही. पण शेजारी बसून सांगते. आमच्या कामातली खोट आम्ही आमच्यात बोलू. ज्यांना आमचा हात विटाळाचा वाटतो, त्यांना त्या हाताची परीक्षा घेण्याचा हक्क नाही. मी ती घेऊ देणार नाही. माझ्या तोंडून तर कधीच नाही.