बँडवाल्यांचा बेकारी फंड

कळसाडीच्या हिलाल मास्तरांनी जन्मभर ट्रम्पेट फुंकला, पण नाव झालं ते बेकारी फंडानं.

त्यांच्या नऊ जणांच्या बँडला पावसाळ्यात काम नसे. ऐन लग्नसराईतच ढोलवाल्या रेवजीनं सांगून टाकलं, "मास्तर, आषाढमा मी सुरतले जास. वाजा बंद पडस, भूक कोठे बंद पडस?"

सुरतला गेलेला ढोलवाला परतत नाही, आणि ढोलाशिवाय बँड म्हणजे जत्रेतली पिपाणी. मास्तर हादरले. त्यांनी दर लग्नामागे पायलीभर ज्वारी बाजूला काढून कणगी भरली. सरकार बेकारी भत्ता देतं, तसा आपलाही!

आषाढ लागला आणि पहिल्याच सकाळी आठही जण पोती घेऊन दारात. नववे बेकार खुद्द मास्तर. आठ दिवसांत कणगीत उंदीरसुद्धा उपाशी. रेवजीनं गाठोडं बांधलं.

मास्तरांच्या पत्नी धनुबाई म्हणाल्या, "सगळास्नं काम एकच दिन बंद पडस, मंग कोण कोणले देई?"

मास्तर धावत ग्रामसेवकाकडे. "साहेब, सरकारची कणगी कशी रिकामी होत नाही?"

"अहो, पगारदारांकडून थोडा थोडा व्यवसाय कर कापतात, त्यावर रोजगार हमी चालते. तुम्ही बसलेले असता तेव्हा ते कामावर असतात."

मास्तरांच्या डोक्यात ट्रम्पेट वाजला. पावसात कामावर कोण? त्यांनी छत्री दुरुस्त करणारा इंद्रसिंग, ताडपत्रीवाला जालमसिंग आणि पत्र्यांची गळती काढणारे दोघे भाऊ गाठले. "पावसाळ्यात तुम्ही द्या, उन्हाळ्यात आम्ही देऊ."

इंद्रसिंगनं विचारलं, "उन्हाळामा तुम्ही पळी गयात तर?"

"वाजवत जाऊ, म्हणजे कळेल."

ठरलं. शिवाय ज्याला शेतात निंदणीचं काम मिळेल त्यानं त्या आठवड्यात कणगीला हात लावायचा नाही. बाजाराच्या दिवशी चौघांची ज्वारी आली. रेवजीनं आपला वाटा दोनदा मोजला, मग गाठोडं सोडून लुंगी वाळत टाकली.

एरवी पावसाला शिव्या घालणारे हे नऊ जण आता वारा सुटला की ओट्यावर येऊन बसतात. परवा शाळेच्या गुरुजींची छत्री उलटी झाली. गुरुजी चिखलात तिच्यामागे धावताहेत, आणि रेवजी हात जोडून म्हणतो, "गुरुजी, दोन काड्या तुटन्यात. आते या आठवडानी ज्वारीनी चिंता नही."