मरहूनने खाली ठेवलेला पेला

आखाताकाठच्या उम्म सिद्रा गावी, शेख सरहानच्या मजलिशीत मरहून बिन सुवैद तेवीस वर्षं कहवा ओतत होता, आणि तेवीस वर्षांत तिथे एकदाही बसला नव्हता. बाप मोत्यांसाठी बुड्या मारायचा. मरहूनचा श्वास पुरेना, म्हणून तो समुद्राऐवजी चुलीपाशी आला. ओतणाऱ्यानं उभं राहायचं. डाव्या हातात चोचीचं पितळी भांडं, उजव्या हातात पेले, आणि तोंड बंद. डोळे-कान बंद ठेवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कोणाचा पेला थरथरतो, कोण चटईकडे बघत होकार देतो, सगळं तो टिपायचा. "तुम्हाला कहव्यापेक्षा चोंबडेपणाचंच व्यसन जास्त," असं बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं.

त्या वर्षी हंगाम संपता संपता शेख सरहानच्या माणसांनी शेजारच्या खोर जुमैलची एक होडी धरली. आमच्या पाण्यात बुड्या मारल्या, एवढाच तिचा गुन्हा. चार दिवसांत बाकीचे सुटले, एकाला ठेवून घेतलं. खोर जुमैलच्या शेख मुअय्यदला डिवचायला कुणीतरी हवाच होता. तो थानी, मरहूनच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा.

मजलिशीच्या मागेच गढी. अलीकडे मामा कहवा ओततोय, पलीकडे भाचा बेडीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! शेखाला नातं ठाऊक होतं. पण चाकरानं तोंड उघडलं तर चाकरी जाणार आणि भाच्याचे हाल दुप्पट होणार, हेही मरहूनला ठाऊक होतं. खोर जुमैलला दिलेली बहीण मौजा निरोपावर निरोप धाडायची, "इंग्रज येतोय. तो दोघा शेखांचा समेट करणार. मग सुटेलच की माझा थानी!" त्या एका आशेवर मरहूननं तीन महिने काढले.

शेवटी इंग्रज आला. लांब पाण्यात आगबोट उभी राहिली, तिनं सलामीच्या तीन तोफा उडवल्या, आणि होडीतून कप्तान विलोबी नावाचा लाल मानेचा साहेब उतरला. बरोबर बुशहरचा दुभाष्या मिर्झा.

शेखानं धड बसूही दिलं नाही. "खोर जुमैलला किती तोफा उडवल्या?"

"पाच," मिर्झा म्हणाला.

"आणि आम्हाला तीन? मुअय्यदच्या बापाकडे धड एक बकरी नव्हती!"

"बकऱ्या मोजून तोफा उडत नाहीत, शेख. त्यांनी तहावर सही केली. तुम्ही करा, जाताना तुम्हालाही पाच."

मरहूननं तेवढ्यात पहिला पेला साहेबाला दिला. साहेबानं तो ओठाला लावला, आणि न पिता चटईवर ठेवून दिला.

सगळ्या मजलिशीचे डोळे त्या पेल्यावर खिळले. आमच्या किनाऱ्यावर पाहुण्यानं पेला असा खाली ठेवला, की त्याचं काही मागणं असतं. यजमान 'मान्य' म्हणेपर्यंत तो पिणार नाही, आणि न पिता उठला तर यजमानाचं नाक कापलं गेलं. शेखाचा चेहरा उतरला. हा आता काय मागतो? विहिरी? समोरचं बेट? पण दारापर्यंत माणसं बसली होती, आणि मागे हटायची सोय नव्हती.

"प्या, साहेब," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमचं मागणं मान्य."

मिर्झा साहेबाच्या कानाशी लागला. साहेबाची मान आणखी लाल झाली. "छे छे, मागणं कसलं! फार गरम होतं हो!"

शेखाच्या जिवात जीव आला. मजलिस खो खो हसली. मरहून तेवढा हसला नाही. त्याला कुतूहल छळत होतं. साहेब खरंच अडाणी, की ताकाला जाऊन भांडं लपवतोय? त्यानं नीट निरखून पाहिलं. साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. बिचाऱ्याची जीभ खरोखरच पोळली होती. म्हणजे जे मागायला आपण तीन महिने तडफडतोय, त्याची वाट या माणसानं नकळत उघडली आणि नकळत बंदही करून टाकली! मरहूनला त्याचा रागही आला, हेवाही वाटला.

मग मिर्झानं कागद वाचला. समुद्रात लढायचं नाही. दुसऱ्या कुठल्या राजाचा झेंडा लावायचा नाही. चौथं कलम आलं तेव्हा मरहून भांडं धरून अगदी जवळ सरकला. "धरलेली माणसं हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला. इंग्रज सरकार मध्ये पडणार नाही."

"म्हणजे गढीत कोण राहील ते मीच ठरवणार?" शेखानं विचारलं.

"तुमचं घर, तुमचा कारभार," साहेब म्हणाला.

"आणि मुअय्यदला हे चाललं?"

"पाच तोफा मिळाल्यावर त्यांना सगळंच चाललं," मिर्झा म्हणाला.

शेखानं शिक्का उमटवला. समेट झाला, आणि त्यात थानी कुठेच नव्हता. आता त्याच्यासाठी भांडायला कुणाला कारणच उरलं नव्हतं.

त्यानं एक पेला भरला. भांडं चुलीपाशी ठेवलं. दारापाशी, जोड्यांच्या शेजारी, जिथे कुणीही येऊन बसला तरी तो पाहुणा, तिथे जाऊन तो बसला. आणि पेला समोर ठेवला.

"काय रे, पाय दुखतात?" कुणीतरी हसलं.

"नाही. खुदा शेखांना आयुष्य देवो, मी चाकरी सोडली. आत्ताच. आता पाहुणा आहे."

शेख तडकला. "माझ्या भांड्यातला कहवा घेऊन माझाच पाहुणा?"

"पाहुण्याला यजमानाच्याच भांड्यातला मिळतो, शेख."

साहेबानं मिर्झाला कोपरानं ढोसलं. "काय चाललंय?"

"साहेब," मिर्झा पुटपुटला, "याचा पेला गरम म्हणून ठेवलेला नाही."

शेखानं साहेबाच्या पेल्याकडे पाहिलं, मग मरहूनच्या. परक्याला घटकेपूर्वी डोळे झाकून 'मान्य' म्हटलं होतं, साऱ्यांच्या देखत. आता घरच्याला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं?

"काय पाहिजे?"

"माझा भाचा."



"पी," शेख म्हणाला. "मान्य. काढा रे त्याला बाहेर."

मरहून प्यायला. कहवा गार झाला होता. पेला रिकामा झाला, पण ओतायला आता कुणीच नव्हतं. तेव्हा शेख स्वतः उठला, भांडं उचलून दारापर्यंत चालत आला, आणि ओतू लागला. पाहुण्याचा पेला तिसरा हिस्साच भरायचा असतो. शेख थांबला नाही. निम्मा झाला, पाऊण झाला, काठोकाठ झाला. भरलेला पेला म्हणजे पी आणि चालता हो, या घरी पुन्हा येऊ नकोस. शेखाच्या इशाऱ्यावर मरहूननं असे पेले दोन-तीनदाच ओतले होते, आणि ते घेणाऱ्यांचे चेहरे तो विसरला नव्हता. आज सारी मजलिस त्याचा चेहरा बघत होती.

मरहूनला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. दोन्ही हातांनी पेला उचलून, एक थेंब न सांडता, तो सगळा प्यायला. मग जोडे घालून गढीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.