रोज एक पातळ हात

आमचे दाजी गाड्यांना रंग मारतात. फवाऱ्यावर त्यांचा हात असा बसलाय की पोचा कुठे होता ते मालकालाही सापडत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या भाचीला नाकात मारायचा फवारा लिहून दिला, तेव्हा तो कसा मारायचा हे ऐकायला दाजी थांबलेच नाहीत.

भाची सात वर्षांची. नाकामागची गाठ वाढलेली, म्हणून तोंड कायम उघडं आणि घोरणं असं की घरात तिचं नाव इंजिन पडलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकूही कमी येत होतं. तीन महिने फवारा मारून बघू, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

फवारा स्टेरॉइडचा. तो शब्द ऐकून दाजींनी स्वतःच डॉक्टरकी केली. रोज नको, फार घोरली की मारायचा, पण मग दणकून. तोही थेट नाकाच्या मधल्या पडद्यावर. पोरीच्या नाकातून रक्त आलं. ताईनं कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दोन महिने फुकट गेले. मला इतका संताप आला की मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दाजींना त्यांचं काम विचारलं. मग म्हणाल्या, "गाडीला रंगाचा एकदाच जाड हात देता का?"

"छे, ओघळ येतात. पातळ हात, वाळला की पुन्हा पातळ..." बोलता बोलता दाजींची नजर टेबलावरच्या नाकाच्या फवाऱ्याकडे गेली.

मग बाईंनी दाखवलं: मान जरा खाली, नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाकडे, श्वास हळू, आणि लिहून दिलाय तेवढाच, पण रोज. डॉक्टरांनी पुन्हा तीन महिने दिले.

दाजींनी एक दिवस चुकवला नाही. पण महिना गेला तरी फरक दिसेना. पोरगी फवारा बघून पळायची, दाजी चिडायचे, ताई दोघांवर चिडायची. मलाही त्या घरात जावंसं वाटेना.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गेलो होतो. भाची आतल्या खोलीत पाठमोरी बसून चित्र काढत होती. दाजी फवाऱ्याचं टोक पुसत मला हळूच म्हणाले, "कंटाळलो रे. बहिरी पोरच नशिबात आहे माझ्या."

आतून आवाज आला, "बहिरी म्हणजे मी का, बाबा?"

फवारा लागू पडला होता. आणि दाजींना धड आनंदही करता येईना.