पाणी केव्हा सोडू नये

रागिणीनं लिहिलेलं ते वर्णन मीच तपासलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे तिला नावं ठेवणाऱ्यांनी मलाही ठेवावीत.

आम्ही दोघी अमरावतीत एकाच ऑफिसात. शेतकऱ्यांच्या फोनवर आमचा एक एआय मदतनीस चालतो. त्याच्या हाताशी वीस-बावीस टूल्स असतात: मोटर सुरू करणं, हवामान बघणं, फवारणीची आठवण देणं. कोणतं टूल केव्हा वापरायचं हे त्याला आपोआप सुचत नाही. आम्ही त्या टूलपुढं वर्णन म्हणून जे चार शब्द लिहू तेवढ्यावरच त्याची भिस्त. या कामात रागिणी फार कडक. "केव्हा वापरायचं ते लिहिलंस, केव्हा वापरायचं नाही ते कोण लिहिणार, तुझे मामा?" असं ती मला भर मीटिंगमध्ये म्हणाली होती. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही आणि मग आम्ही दोघींनी मिळून राहायला भाड्याच्या खोल्या घेतल्या.

तिचे वडील भगवंतराव मोर्शीकडचे, संत्र्याची बाग असलेले. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. गेल्या दिवाळीनंतर भगवंतरावांच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणून रागिणीनं त्यांना आमच्याकडं आणायचं ठरवलं. ते तयारच होईनात. ऐन डिसेंबरात बाग सोडून कोण येतो? शेवटी तिनं आमचा मदतनीस त्यांच्या विहिरीवरच्या मोटरला आणि बागेतल्या कॅमेऱ्याला जोडून दिला, तेव्हा कुठं हलले आणि आमच्या आतल्या खोलीत राहायला आले. अट एकच घातली. "बाग फुलली का मले गावाले नेजो. एक डाव वास घेतो, मंग तुह्या डॉक्टरले जे करायचं ते करू दे."

फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेलंच होतं. म्हणजे फुलं बघायची ती याच वर्षी.

मी अकोल्याची, संत्रं मला टोपलीतलंच माहीत. नंतर कळलं की फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. महिना-दीड महिना. पानं मलूल होतात, वळतात, बघवत नाही. पण तेवढं सोसल्याशिवाय झाड फुलावर येत नाही. याला ताण देणं म्हणतात. मध्येच पाणी मिळालं तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. मोर्शीकडं हे लहान पोरांनाही माहीत असतं, आणि रागिणी तर त्याच झाडांखाली वाढलेली. म्हणूनच तिनं लिहिलं नाही. घरात जे कुणी कधी बोलून दाखवत नाही, तेही लिहावं लागतं हे तिला सुचलंच नाही. "झाडांना पाण्याची गरज दिसल्यास मोटर सुरू करण्यासाठी." बस, एवढंच. आणि जिला ताण हा शब्दही ठाऊक नव्हता त्या मी, रागिणीनं लिहिलंय म्हणून, डोळे झाकून पास केलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भगवंतरावांना ताप भरला. पाच दिवस दवाखान्यात काढले, रागिणीचा फोन पर्समध्येच. सहाव्या दिवशी उघडला तर मदतनिसाचे पाच निरोप: "पाने सुकत होती. आज बागेला चार तास पाणी दिले." शेवटच्यात होतं, "झाडे आता टवटवीत आहेत." ती दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. मदतनिसाचं काय चुकलं? आम्ही लिहिलं तसं तो वागला.

वडिलांना तिनं सांगितलं नाही. ते रोज विचारायचे, "फुटली का?" ही म्हणायची, "थंडी आहे बाबा अजून." फेब्रुवारी संपत आला तसे ते चिडले. "मले माह्या बागेत न्या, नाही तं मी चाललो यष्टीनं." आम्ही गाडी केली.

शेजारच्या बागा पांढऱ्या झालेल्या, वास पार रस्त्यावर येत होता. यांची बाग हिरवीगार. भगवंतराव गाडीतून उतरलेच नाहीत. काचेतून बघत राहिले.

"पानी कोनं सोडलं?"

रागिणीनं रडत रडत सगळं सांगितलं.

"तुले तं मालूम होतं."

"मालूम होतं बाबा. लिवलं नाही."

"काका, तपासलं मी होतं," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. रागिणीला म्हणाले, "रडू नको माय. आमी बी कधी बोलून दाखवलं नाही. आंबिया हुकला तं मृग घेजो. घे, लिव आता."

ते सांगत गेले आणि ती मांडीवर वही ठेवून लिहीत गेली. पाणी कधी तोडायचं, हलक्या जमिनीत किती दिवस, भारीत किती, पानं किती वळू द्यायची, मधातच अवकाळी आला तर काय. आंबियाचं सगळं झालं. पावसाच्या तोंडावरच्या मृग बहाराचं सुरू करताना त्यांना धाप लागली. "बाकीचं घरी सांगतो," म्हणाले.

चौथ्या दिवशी ते गेले. मृगाचं राहिलंच.

रागिणीनं नवं वर्णन दीड पान लिहिलं. शेवटची ओळ होती, "ठाऊक नसेल तेव्हा पाणी सोडू नये, आधी विचारावे." मी ते तीनदा वाचलं, तिला अकरा प्रश्न विचारले आणि मगच पास केलं.

मे महिन्यात एका सकाळी तिचा फोन वाजला. "मृग बहारासाठी ताण किती दिवस ठेवायचा हे वर्णनात नाही. कृपया सांगावे." बरोबरच विचारत होता मदतनीस. रागिणी फोन घेऊन उठली, तडक आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली, "बाबा, मृगाले किती..." म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. आत माझे कपडे वाळत होते.