खंडोजींचा आरसा

माळव्यातल्या धारमध्ये टीव्ही दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण पिशवीत आरसा घेऊन फिरणारे एकटे खंडोजी. अहो, पेचकस घेऊन बसायचं टीव्हीच्या मागे आणि चित्र तर पुढे! मग घरातल्या कुणाला तरी आरसा धरून टीव्हीसमोर उभं करायचं आणि मागून त्यात बघत रंग जमवायचे. छत्तीस वर्षं या माणसाने टीव्ही उलटाच पाहिला. बातम्यांखालची उलटी अक्षरंसुद्धा झरझर वाचायचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचे. खंडोजी हसून म्हणत, "आम्ही पिढीजात मागच्याच बाजूचे!"

हा धंदा एका दिवसात बुडाला असता, तर बिचारे रडून मोकळे तरी झाले असते. पण नाही! आज क्रिकेटचा चॅनल एचडीत गेला, वर्षाने सिनेमाचा, मग बातम्यांचा. दर वेळी चार घरांतले जुने पेटारे भंगारात जायचे आणि भिंतीवर चपटे टीव्ही यायचे. चपट्याला मागची बाजूच नाही, भिया! बिघडला की अख्खी काच बदला, नाहीतर फेकून द्या. खंडोजींनी एक उघडला, तासभर नुसता बघितला आणि परत बंद केला.

"बाबा, छोडो ना अब," मुलगा अर्पित म्हणाला. खंडोजी त्याच्यावर खेकसले. खेकसून काय होणार होतं?

शेवटी उरल्या एकट्या माई. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या, सोबतीला यजमानांनी आणलेला एकवीस इंची पेटारा. खंडोजींनी त्यांना शब्द दिला होता, "माई, मी आहे तोवर हा बंद पडायचा नाही." माईंचा टीव्ही चालू, म्हणजे आपण अजून मेकॅनिक, एवढाच हिशेब त्यांनी मनाशी धरला होता.

मग केबलवाल्यांनी जुना सेट-टॉप डबा काढून नवा बसवला. त्याला जुन्या टीव्हीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकंच नाहीत! खंडोजी तडक इंदूरला गेले, जोडणी शोधून आणली. माईंनी नेहमीसारखा आरसा धरला.

चित्र आलं. वर काळं, खाली काळं, मध्ये पट्टी. माणसं बोटाएवढी. खंडोजींनी मागे जे जे फिरवता येईल ते सगळं फिरवलं. माई आरशावरून वाकून पडद्याकडे बघू लागल्या.

"खंडोजी, खाली काय लिहिलंय हो? मला वाचता येईना."

आरशात त्यांनाही येईना. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते उठून पुढे आले, काचेला नाक लावलं. सुलटी अक्षरं, पण मुंग्यांसारखी. फार लाज वाटली त्यांना.

"नाही जमत, माई."

"असू द्या हो. किती केलंत! आमची लेक अंकिता मागेच लागलीय, नवा घेऊन देते म्हणून." माईंनी पदराने आरसा पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "हा न्या. आता इथे कशाला?"

अर्पितने तो आरसा न्हाणीघराबाहेर खिळ्याला टांगला. सकाळी खंडोजी दाढीला उभे राहिले. इतकी वर्षं त्या आरशात टीव्हीच बघितलेला. आज समोर एक म्हातारा होता, रंग उडालेला.

सवयीने हात खिशातल्या पेचकसाकडे गेला आणि तिथेच राहिला.