कोंबड्यांवरचा फवारा

त्या मे महिन्यात घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. सासूबाई थोरल्या नणंदेच्या बाळंतपणाला इस्रायलला गेल्या होत्या. बाळ चालायला लागलं तरी त्या परतल्या नव्हत्या. आमच्या ज्यू समाजातली घरं एकामागून एक कुलपं लावून तिकडे निघत होती. आमच्या ह्यांनीही तिकडे जायचा अर्ज केला होता. पडदे शिवायला घ्यावेत तर वाटायचं, कशाला? लोणचं घालावं तर, खाणार कोण?

हे मुंबईला कचेरीत होते. आठवडाभर मावशीकडे राहायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी एस.टी.नं पनवेलला यायचे. बाकीचे दिवस मी आणि मामंजी, आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या.

मामंजी गोदीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या आमच्या जागेत कोंबड्या पाळल्या होत्या. उन्हानं त्या पटापट मरतात, म्हणून विहिरीवरच्या इंजिनापासून लोखंडी नळ आणून तो खुराड्याच्या बाहेरून, वळचणीखालून फिरवला होता. त्याला बारीक भोकांच्या पितळी तोट्या. इंजिन सुरू झालं की पाण्याचं धुकं उडायचं आणि कोंबड्या माना उंचावून त्यात उभ्या राहायच्या. "जायचं कधी?" असं ह्यांनी विचारलं की मामंजी म्हणायचे, "एवढा उन्हाळा सरू दे. ह्या कोंबड्या कुणाच्या हवाली करू?"

ऐन उन्हात ते धुकं बसलं. तोट्यांतून नुसते थेंब पडायला लागले. इंजिन ठीक, विहिरीला पाणी, म्हणजे नळ कुठेतरी गळत होता. मामंजींनी दिसेल तो सांधा उघडला, सफेदा लावून सूत गुंडाळलं, पुन्हा आवळला. फरक पडला नाही. उरला तो विहिरीपासून खुराड्यापर्यंत जमिनीतून नेलेला तुकडा. पण वरची माती तर ठणठणीत कोरडी.

गुरुवारी त्यांनी माझ्याकडे कपड्यांची नीळ मागितली. तोट्यांना बुचं मारली, नळात निळीचं पाणी भरलं आणि इंजिन चालवून जमीन निरखत फिरले. कुठेही निळा डाग उमटला नाही. वैतागून त्यांनी बुचं काढली आणि नळ धुवायचं विसरून पुन्हा इंजिन सुरू केलं. थेंबांसाठी जाळीशी दाटलेल्या सगळ्या कोंबड्या निळ्या झाल्या. मला हसू आवरेना. मामंजी मात्र हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते त्या जमिनीवर येरझारा घालत होते.

शुक्रवारी दुपारी मी घाईघाईनं स्वयंपाक उरकत होते. दिवेलागणीला शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, सुरू होणार, त्यानंतर मामंजी पान्याला हात लावणार नाहीत. शनिवारी इंजिन चालवायला मिठागरावरचा आमचा शेजारी यायचा, पण गळक्या नळापुढे तो तरी काय करणार? सकाळपासून चार कोंबड्या मेल्या होत्या. कर्नाळ्याचा सुळका उन्हात थरथरत होता.

खिडकीच्या चौकटीवर कुंभारमाशी मातीचं घर बांधत होती. मी ते फडक्यानं पाडणार, तोच हात थांबला. त्याचा ताजा थर निळसर होता.

मी भात उतरवला आणि बाहेर धावले. माशी उडाली की दिसेनाशी व्हायची. पुन्हा खिडकीशी यायची, पुन्हा मी तिच्यामागे. अखेर ती निवडुंगाच्या कुंपणाशी, एका घुशीच्या बिळाच्या तोंडाशी उतरली. आतली माती ओली होती. निळी.

"मामंजी, इकडे या!"

पाणी वर न येता बिळात उतरत होतं. ते बीळ नळाच्या दिशेनंच गेलं होतं. शेजाऱ्याला हाक मारली, त्यानं कुदळीनं चर उकरला. नळ खालून गंजून फुटला होता. नवा तुकडा बसवायला वेळ नव्हता. मामंजी चरात आडवे पडले, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून तारेनं आवळू लागले. आवळता आवळता म्हणाले, "सगळ्या मेल्या असत्या तर सुटलो असतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तिचा जीव तिथं नातवंडात रमलाय," ते म्हणाले. "आणि मी इथं कोंबड्यांची सबब सांगत बसलोय. परक्या मुलखात ह्या वयात मी करू काय?"

शेजारी कुदळीवर रेलून ऐकत होता. तो म्हणाला, "बाबा, कोंबऱ्या आमी बघू. तुमी जावा. मानसानं बायकोपाशी ऱ्हावं."

मामंजी चरातून उठले आणि इंजिनाकडे गेले. धुकं उडालं, पहिल्यासारखं दाट नाही, पण उडालं. हे एस.टी.तून उतरून आले तेव्हा मी दिवे लावत होते.

पावसाळा संपल्यावर मामंजी सासूबाईंकडे इस्रायलला गेले. कोंबड्या, इंजिन, नळ सगळं त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकलं. आमचा अर्जही मंजूर झाला. पण मला दिवस गेले होते, नंतर ह्यांना बढती मिळाली, आणि जाणं पुढे ढकलता ढकलता आम्ही पनवेललाच राहिलो.

सासूबाईंनी तिकडून पाठवलेला पहिला फोटो माझ्याकडे आहे. दोघं एका बाकावर बसली आहेत. सासूबाई हसताहेत. मामंजी कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघताहेत, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आता उठायच्याच बेतात.