सुभेदारसाहेबांची खाट आणि पुणे केंद्र

पुण्याचं रेडिओ केंद्र नवं होतं, त्या सुमारास आमची सिग्नल तुकडी कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत होती. लष्कराचा माल उतरला की वर्दी पुढे पाठवायची, एवढंच काम. मी नाईक, ऑपरेटर. सुभेदार जाधव आमचे सीनियर. उंच, धिप्पाड, बोलणं मोजकं. रागावले की तेही बंद.

एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. त्यांची धाकटी मुलगी कुसुम शुक्रवारी संध्याकाळी पुणे केंद्रावरून गवळण म्हणणार होती. दोन वर्षं त्यांनी पोरीला पाहिलं नव्हतं. ‘लागेल का?’ त्यांनी विचारलं. मी ‘लागेल’ म्हणून मोकळा झालो. आमची जीभ पहिल्यापासून आगाऊ.

लागतंय कसलं! रेडिओच्या काट्यावर पुण्याला खेटून कलकत्ता केंद्र, वर जहाजांच्या तारायंत्रांची टकटक. रोज संध्याकाळी मी पुण्याऐवजी कलकत्त्याचे तागाचे भाव ऐकत बसलो. मग सुचलं. मोठ्या चौकटीवर तार गुंडाळून ती फिरवली, की एका कोनात जवळचं केंद्र दबतं. तेवढी चौकट एकच होती, साहेबांची खाट. त्यांनी मुकाट्याने खाटेची नवार सोडली, मी तार गुंडाळली.

खोली पत्र्याची, आत लहरी अडायच्या, म्हणून शुक्रवारी खाट व्हरांड्यात उभी केली. एका जवानाने धरली, कानात ताग. दुसऱ्याने धरली, तरी ताग. शेवटी साहेबांनी धरली आणि पुणं आलं. धरणाऱ्याचं अंगही अँटेनात जमा होतं, आणि तेवढं अंग दुसऱ्या कुणाला नव्हतं. आवाज मात्र हेडफोनपुरता, आणि हेडफोनची वायर हातभर. ज्याच्यासाठी आटापिटा, तोच बाहेर खाट धरून उभा!

मी खिडकीतून ओरडलो, ‘कुसुम आली. ओव्हर.’

‘सांग.’

‘राधा घागर घेऊन निघाली. ओव्हर.’

‘आवाज?’

‘पाचावर पाच, एकदम स्पष्ट. जरा घाबरलीय. ओव्हर.’

‘घाबरणारच. पुढे.’

तेवढ्यात राउंडवर कॅप्टनसाहेब आले. सुभेदार खाटेला कवटाळून उभा, सॅल्यूटही नाही. मी हिंदीत सगळं सांगितलं. ते भले माणूस. मी धरतो, तुम्ही जाऊन ऐका म्हणाले आणि खाट घेतली. लगेच ताग. मी तसं ओरडताच सुभेदारसाहेबांनी वरिष्ठाच्या हातून खाट हिसकावली. आता दोघांची धडगत नाही, असं मला वाटलं. कॅप्टननी टोपी नीट केली आणि मला म्हणाले, ‘कॅरी ऑन. गाके सुनाओ.’

हुकूम तो हुकूम. कानात कुसुम, तोंडाने मी. माझं गाणं म्हणजे शिक्षाच, पण सुभेदारसाहेब ऐकत होते. कृष्णाने घागर फोडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात खाटेत गुंतलेले, म्हणून पुसता आलं नाही.

रजा मिळण्याआधीच त्यांची पूर्वेच्या डोंगरांत बदली झाली. तिथे गस्तीवर असताना ते गेले. पुढे सुट्टीत मी पुण्याला त्यांच्या घरी गेलो. कुसुमने पाणी आणून दिलं आणि समोरच बसली.

‘काका, बाबांनी लिहिलं होतं, गाणं फार आवडलं. पण आवाज घोगरा लागला, थंड पाणी पीत जाऊ नकोस. माझा आवाज कुठे घोगरा होता?’

मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं.

‘नव्हता पोरी,’ मी म्हणालो. ‘तो माझा होता.’